माळाचा पिवळा राखणदार : तरवड

घटस्थापनेच्या आदल्या दिवशीचा बाजार. झेंडूचे ढीग, शेवंतीच्या पाट्या, सुगडी, काळी माती, सात धान्यांच्या पुड्या. या गर्दीच्या एका टोकाला गोणपाट अंथरून एक म्हातारी बसलेली असते. तिच्यापुढे झेंडू नसतो, शेवंती नसते. असतात फक्त पिवळ्याधमक फुलांच्या डहाळ्या, ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या.

शहरातून नव्याने आलेली एखादी सूनबाई थबकते. ''मावशी, ही कसली फुलं?''

''तरवड हाय बाई. घटाला माळ लागती ना ह्याची. घेऊन जा, धा रुपयाला जुडी.''

''कुठून आणता?''

''माळावनं. पैलं घरामागंच व्हती. आता तिथं प्लाट पडलं. औंदा पार डोंगराकडंला जाऊन आनली.''

सूनबाई जुडी घेते, घरी येते, सासूबाईंच्या सांगण्यावरून घटावर माळ बांधते. देवीचे काम झाले. पण म्हातारीने जाता जाता सांगितलेली गोष्ट मात्र कुणाच्या ध्यानात राहत नाही. दरवर्षी तरवड थोडा थोडा लांब चालला आहे. पश्चिम महाराष्ट्रात आणि मराठवाड्यात ज्याच्यावाचून नवरात्र पुरे होत नाही, ते झुडूप गावाच्या वेशीवरून हटते आहे, आणि त्याच्याबरोबर आणखी बरेच काही.

ओळख जुनीच, नावे अनेक

तरवड हे काही दुर्मीळ झाड नव्हे. सोलापूर, सांगली, सातारा, अहिल्यानगर, बीड या जिल्ह्यांच्या कोरड्या भागातून एस.टी.ने जाताना खिडकीबाहेर कमरेएवढी, क्वचित पुरुषभर उंचीची, पिवळ्या फुलांनी डवरलेली झुडपे दिसतात. ती बहुधा तरवडाचीच. संयुक्त पान, त्यावर समोरासमोर आठ ते बारा जोड्या लहान पर्णिका, फांदीच्या टोकाला फुलांचे घोस आणि पुढे कागदासारख्या चपट्या, तपकिरी शेंगा. पानाच्या बुडाशी कानाच्या पाळीसारखी दोन छोटी उपपर्णे असतात. वनस्पतिशास्त्रज्ञांनी त्यावरूनच त्याला 'ऑरिक्युलाटा', म्हणजे कानवाला, असे नाव दिले. पूर्वी त्याची गणना कॅशियात होई. आता त्याचे शास्त्रीय नाव सेना ऑरिक्युलाटा. बहावा आणि टाकळा हे त्याचेच भाऊबंद.

मराठी माणूस भारतात कुठेही राहत असो, तरवड त्याला तिथल्या नावाने भेटण्याची शक्यता बरीच आहे. गुजरातेत तो आवळ होतो, हिंदीत तरवर, कर्नाटकात तंगडी किंवा आवरिके, आंध्र-तेलंगणात तंगेडु आणि तमिळनाडूत आवारम. पश्चिम, मध्य आणि दक्षिण भारताचा कोरडा पट्टा हे त्याचे मूळ घर. श्रीलंकेतही तो रुजलेला आहे. म्हणजे हा कुणी परदेशातून आणून लावलेला पाहुणा नव्हे; तो या मातीतला कुळवाडी आहे.

पाणी नाही, तरी तक्रार नाही

वर्षाला पाचशे-सहाशे मिलिमीटर पाऊस, तोही बेभरवशाचा. वीतभर मातीखाली मुरूम, त्याखाली खडक. एप्रिल-मे महिन्यांत पारा बेचाळीसच्या वर. अशा जागी गुलाब, जास्वंद, मोगरा यांची काय कथा? तरवड मात्र तेथे हिरवा राहतो. याचे रहस्य जमिनीखाली आहे. त्याचे सोटमूळ खडकाच्या भेगा शोधत खोल जाते. वर पाने लहान आणि चिवट, त्यामुळे पाणी बेताने खर्च होते. संध्याकाळ झाली की पर्णिका मिटतात. बुंध्याशी तोडला तरी पावसाळ्यात खोडातून नवे धुमारे फुटतात.

दुसरे संरक्षण चवीचे. शेळी कशाला तोंड लावत नाही, असे गमतीने विचारतात. त्याचे एक उत्तर तरवड हे आहे. गुरेढोरे, शेळ्यामेंढ्या त्याला सहसा टाळतात. म्हणूनच ज्या माळावर चराई फार झाली आहे, गवत उपटून गेले आहे, तिथे शेवटी तरवडच उरतो. यावरून काही जण म्हणतात, तरवड माजला म्हणजे माळ बिघडला. यात थोडे तथ्य आहे. एखाद्या माळावर तरवडाखेरीज काहीच दिसत नसेल, तर तिथे चराईला विसावा हवा हे नक्की. पण दोष तरवडाचा नाही. उलट बाकीच्यांनी माघार घेतल्यावर माती धरून राहिलेला तो शेवटचा शिलेदार असतो. नीट वाकून पाहिले तर त्याच्या बुंध्याशी, फांद्यांच्या आडोशाला, गवताचे ठोंब आणि इतर झाडांची रोपे जीव धरून असलेली दिसतात. जनावराचे तोंड तिथवर पोचत नाही. चराई थांबली तर माळ पुन्हा हिरवा होण्याची सुरुवात याच ठोंबांपासून होते.

एक गैरसमज मात्र दूर करायला हवा. शेंगा येतात म्हणजे तूर-हरभऱ्याप्रमाणे हा जमिनीत नत्र साठवत असेल, असे पुष्कळांना वाटते. तरवडाच्या मुळांवर तशा गाठी येत नाहीत. त्याचा उपयोग मातीला धरून ठेवण्याचा आणि पालापाचोळ्याचा.

फुलात मध नाही, तरी भुंगे का येतात?

तरवडाचे फूल हातात घेऊन मुलांना दाखवावे असे आहे. पाच पाकळ्या, मधोमध दहा पुंकेसर. पण दहाही सारखे नाहीत. वरचे तीन अगदी लहान आणि नावापुरते, मधले मध्यम, आणि खालचे मोठे, वाकडे. स्त्रीकेसर काही फुलांत डावीकडे झुकलेला, तर काहींत उजवीकडे. एकाच झाडावर दोन्ही प्रकारची फुले सापडतात. जणू एक फूल दुसऱ्याचे आरशातले प्रतिबिंब.

या फुलात मध नसतो. मग काळे, गुबगुबीत भुंगे त्याच्याभोवती का घोंगावतात? ते येतात परागांसाठी. पण परागही सहजी मिळत नाहीत. पुंकेसराची पिशवी उभी फाटत नाही, तिच्या टोकाला फक्त बारीक छिद्र असते. मिठाच्या डबीसारखे. भुंगा फुलाला घट्ट धरतो आणि पंखांचे स्नायू थरथरवतो. त्या कंपनाने पराग छिद्रातून भस्सकन बाहेर पडतात. काही त्याच्या पिल्लांच्या खाऊसाठी जातात, काही अंगाला चिकटून दुसऱ्या फुलावर पोचतात. फुलाजवळ कान नेला तर भुंग्याच्या गुणगुणण्याचा सूर एकदम चढलेला ऐकू येतो. ते गाणे नव्हे, ते त्याचे काम आहे.

पानांचे गिऱ्हाईक वेगळे. शेळीला नकोशी वाटणारी पाने एमिग्रंट जातीच्या फुलपाखरांच्या अळ्यांना मात्र हवी असतात. फिकट हिरवट-पांढरी ही फुलपाखरे तरवडाच्या कोवळ्या पानांवर एकेक करून अंडी घालतात. अळी हिरवीगार, पानाच्या शिरेवर बसली की दिसतही नाही. तीन-चार आठवड्यांत अंड्यापासून फुलपाखरापर्यंतचा सारा प्रवास होतो. ग्रास यलो या लहानशा पिवळ्या फुलपाखरांच्या अळ्याही या कुळातील झाडांवर वाढतात.

अळ्या आल्या म्हणजे त्यांच्यामागे पक्षी आलेच. वटवट्या, बुलबुल, सातभाई झुडपात शिरून अळ्या टिपतात. तित्तर आणि लावे झुडपाच्या सावलीत दुपार काढतात. ससा तिथेच दडतो. सरडा फांदीवर चढून ऊन खातो. सरड्यावरून आठवले. दख्खनच्या उघड्या माळांवर गळ्याशी रंगीत पंखा उघडून मादीला खुणावणारे सरडे राहतात. त्यांतील काहींचा २०१६ साली शास्त्रज्ञांनी नवा गण केला आणि त्याला नाव दिले 'सरडा'. आपल्या मराठीतलाच शब्द! ज्या जमिनीला आपण ओसाड म्हणतो, तिथून अगदी अलीकडे प्राण्यांचा नवा गण जगापुढे आला, ही गोष्ट विचार करायला लावणारी आहे.

देवीचे फूल

तरवडाचा मान केवळ महाराष्ट्रात आहे असे नाही. आपल्याकडे नवरात्रात भोंडला, हादगा रंगतो, त्याच सुमारास तेलंगणात बतुकम्मा साजरी होते. सर्वपित्री अमावास्येपासून दुर्गाष्टमीपर्यंत नऊ दिवस. बायका-मुली ताटात फुलांचे थरावर थर रचून देवळाच्या शिखरासारखी रास करतात, तिच्याभोवती फेर धरून गाणी म्हणतात आणि शेवटी ती तळ्यात सोडतात. या राशीत तंगेडु, म्हणजे आपला तरवड, हवाच. नांदेड, लातूर किंवा सोलापूरच्या बाजूला तेलुगू शेजार असलेल्या घरांना हे नव्याने सांगायला नको. २०१४ साली तेलंगण राज्य झाले, तेव्हा राज्याचे फूल म्हणून गुलाब किंवा कमळ न निवडता तंगेडुची निवड झाली. माळावरचे झुडूप राज्याच्या मानचिन्हांत जाऊन बसले.

तमिळनाडूच्या कोंगू भागात पोंगलच्या आधी घराच्या दाराला कडुनिंबाचा पाला आणि इतर रानफुलांबरोबर आवारमची फुले बांधतात. घराचे रक्षण व्हावे ही त्यामागची भावना. आवारम फुललेला असताना माणूस मरेल कसा, अशा अर्थाची एक म्हणही तिकडे आहे. तिथल्या घरांत वाळवलेल्या फुलांची पूड अंघोळीच्या उटण्यात घालतात, फुलांचा काढा करतात. श्रीलंकेत तर 'रणवरा' नावाने त्याचा चहा पितात.

येथे गृहिणींनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. मधुमेहावर तरवडाची फुले, साल, बिया देण्याची जुनी परंपरा आयुर्वेदात आणि सिद्ध वैद्यकात आहे. पण कुणी सांगितले म्हणून काढा सुरू करून डॉक्टरांच्या गोळ्या बंद करणे धोक्याचे आहे. आधीच औषधे चालू असतील तर साखर एकदम उतरण्याचीही भीती असते. गरोदर स्त्रियांनी आणि लहान मुलांच्या बाबतीत तर वैद्यांच्या सल्ल्याखेरीज असले प्रयोग करूच नयेत.

सालीवर चाललेले संसार

देवघराबाहेरही या झुडपाने पिढ्यान्‌पिढ्या काम केले आहे. तरवडाच्या सालीत टॅनिन भरपूर, सालीच्या वजनाच्या जवळजवळ पाचव्या हिश्श्याएवढे. कातडी कमावणारे कारागीर बाभळीची साल आणि हिरड्याबरोबर तरवडाची सालही वापरीत. विहिरीवरची मोट असो की पायातली वहाण, तिच्या कातड्याला टिकाऊपणा देण्यात अशा सालींचा वाटा असे. इंग्रजी अमदानीत मद्रास इलाख्यातून परदेशी जाणारे कमावलेले कातडे प्रामुख्याने आवारमच्या सालीवर तयार होई. इंग्रजीत तर या झुडपाला टॅनर्स कॅशिया, म्हणजे चर्मकारांचा कॅशिया, असेच म्हणतात. विसाव्या शतकात दक्षिण आफ्रिकेतील वॅटल झाडाची साल आली, पुढे क्रोमची रासायनिक पद्धत आली आणि तरवडाच्या सालीची मागणी ओसरली.

एक उपयोग संपला की वस्तूकडे बघण्याची नजर बदलते. काल जे झुडूप कुणाच्या तरी पोटापाण्याचे साधन होते, ते आज नुसते 'झाडोरा' झाले. आणि ज्या माळावर ते उभे आहे, तो माळ झाला 'पडीक'.

'पडीक' या शब्दाचा घोळ

खरा प्रश्न या एका शब्दात आहे. महसुलाच्या भाषेत जी जमीन पीक देत नाही, सारा देत नाही, ती पडीक. इंग्रजांच्या काळापासून हा शब्द कागदोपत्री रूढ झाला. १९८५ साली केंद्र सरकारने पडीक जमिनींच्या विकासासाठी राष्ट्रीय मंडळही स्थापन केले. उघड्या पडलेल्या, धूप झालेल्या जमिनी पुन्हा हिरव्या व्हाव्यात हा हेतू चांगलाच होता. पण 'पडीक' या एकाच गोणीत खरोखर उजाड झालेली जमीनही पडली आणि मुळातच गवताचा व झुडपांचा असलेला जिवंत माळही पडला.

पावसाळा आला की वृक्षारोपणाचे उत्साही बेत ठरतात. शाळा, मंडळे, कारखाने, सरकारी खाती सारेच झाडे लावू इच्छितात. जागा कुठे आहे? माळावर! मग तेथे यंत्राने चर खणले जातात, तरवड, बोर, गवत उपटले जाते आणि जिथे मुळात दाट जंगल नव्हतेच, तिथे परदेशी झाडांच्या रांगा उभ्या राहतात. पुण्याच्या टेकड्यांवर पूर्वी मोठ्या प्रमाणावर लावलेली ग्लिरिसिडिया, म्हणजे गिरिपुष्प, हे त्याचे ठळक उदाहरण. हे झाड मूळचे मेक्सिको-मध्य अमेरिकेकडचे. वाढते भरभर, दिसते हिरवे; पण त्याच्या दाट सावलीत माळाची गवते आणि माळाचे पक्षी राहू शकत नाहीत.

लांबचे कशाला, तरवडाच्याच गोत्रातले उदाहरण पाहा. सेना स्पेक्टॅबिलिस हे अमेरिकेच्या उष्ण प्रदेशातील झाड शोभेसाठी व सावलीसाठी भारतात आणले गेले. फुले तशीच पिवळी, रूप देखणे. आज केरळातील वायनाडच्या जंगलात आणि नीलगिरीच्या परिसरात ते इतके पसरले आहे की खालचे गवत नाहीसे होऊन हरणे आणि हत्ती यांच्या चाऱ्यावर गदा आली. ते काढण्यासाठी वनखात्याला मोहिमा घ्याव्या लागत आहेत. दोन्ही झाडे एकाच गोत्रातली, दोन्ही पिवळ्या फुलांची; पण एक या मातीतले आणि दुसरे परके. नुसती हिरवाई पाहून झाडाची पारख होत नाही, ती अशी.

माळाला स्वतःचे रहिवासी आहेत. लांडगा, खोकड, चिंकारा, काळवीट, धाविक, चंडोल ही सारी उघड्या माळाची लेकरे. त्यांना दाट झाडी नको, मोकळी जमीन आणि मधूनमधून दडायला झुडूप हवे. पुणे जिल्ह्यात सुप्याजवळचे मयूरेश्वर अभयारण्य १९९७ साली चिंकारांसाठी जाहीर झाले. ते जेमतेम पाच चौरस किलोमीटरांचे आहे. अहिल्यानगर जिल्ह्यातील रेहेकुरीचे काळविटांचे अभयारण्य १९८० सालचे, सव्वादोन चौरस किलोमीटरांहूनही लहान. एवढ्याशा कुंपणात सगळे माळरान मावणार कसे? या प्राण्यांपैकी बहुतेकांचे जगणे अभयारण्याबाहेरच्या गायरानांवर, पडांवर, बांधांवर अवलंबून आहे. मेंढपाळांच्या कळपांनाही तोच माळ लागतो. तो प्लॉट पाडून संपला किंवा झाडांच्या रांगांखाली झाकला गेला, की लांडगाही गेला आणि मेंढरूही.

याचा अर्थ झाडे लावू नयेत असा मुळीच नाही. गावठाणात, रस्त्याकडेला, ओढ्याकाठी, शाळेच्या आवारात वड, कडुनिंब, चिंच, करंज अवश्य लावावेत. परंतु माळावर कुदळ मारण्याआधी एक पावसाळा थांबून तिथे आपोआप काय उगवते ते पाहावे. तरवड, बोर आणि पवन्या-मारवेलसारखी गवते उगवत असतील, तर त्या जमिनीला रोपांची नव्हे, विसाव्याची गरज आहे.

आपल्या कुंपणाला तरवड

माळ वाचवणे एकट्यादुकट्याच्या हाती नसेल, पण तरवड लावणे आहे. ज्यांची जागा कोरडी आहे, ज्यांच्याकडे उन्हाळ्यात टँकर येतो, जे नोकरीनिमित्त परगावी असतात आणि महिन्यातून एकदाच प्लॉटवर जातात, अशांना याच्याइतके सोयीचे झुडूप सापडणे कठीण.

बी गोळा करणे : हिवाळ्यात शेंगा वाळून तपकिरी झाल्या की काढाव्यात. एका शेंगेत डझनभर तरी बिया मिळतात. माळावरचे झाड उपटून आणू नये. सोटमूळ तुटले की ते बहुधा जगत नाही, आणि माळावरचे एक झाड कमी होते ते वेगळेच. एका झाडाच्या साऱ्या शेंगाही ओरबाडू नयेत.

पेरणी : बीचे कवच टणक असते. पाणी उकळून खाली उतरवावे, त्यात बी टाकावे आणि रात्रभर तसेच ठेवावे. सकाळी फुगलेले बी पेरावे. एप्रिल-मेमध्ये पिशव्यांत रोपे करून पावसाळ्यात लावता येतात. परंतु पहिला चांगला पाऊस झाल्यावर जागेवरच बी टोकणे अधिक चांगले, कारण मूळ सरळ खाली उतरते. एका ठिकाणी तीन-चार बिया टाकाव्यात.

जागा आणि अंतर : ऊन भरपूर हवे. सावलीत झाड वाढेल, पण फुलणार नाही. कुंपणासाठी तीन फुटांवर एक, एकेकटे लावायचे तर पाच-सहा फूट अंतर सोडावे. मुरमाड, खडकाळ, हलकी जमीन चालते. पाणी साचणारी चालत नाही. शेणखताची मूठभर सोय पुरे; रासायनिक खत देऊ नये.

पाणी : पहिल्या उन्हाळ्यात दहा-पंधरा दिवसांतून एकदा. पुढे पावसावर सोडून द्यावे. लाडाने रोज पाणी घातले तर ते मरण्याची शक्यता जास्त!

छाटणी : बहर आणि शेंगा संपल्यावर हलकी छाटणी केली की झुडूप भरगच्च राहते. एरवी दुसऱ्या-तिसऱ्या वर्षापासून फुले येऊ लागतात. पावसाळ्याच्या अखेरीस बहर मोठा असतो. मधूनमधून इतर वेळीही फुलते.

सोबती : एकटा तरवड लावण्याऐवजी त्याच्याबरोबर करवंद, बोर, नेपती यांची मिसळण करावी. करवंद आणि बोर माणसाला व पक्ष्यांना फळे देतात, काटे कुंपणाची राखण करतात आणि तरवड रंग देतो. घाणेरीला मात्र थारा देऊ नये. ती शोभेसाठी आली आणि रान गिळून बसली.

रोपवाटिकेतून रोप घेणार असाल तर थोडे सावध असावे. पिवळ्या फुलांचे अनेक परदेशी प्रकार 'कॅशिया' याच नावाने विकले जातात. पानाच्या बुडाशी कानाच्या पाळीसारखी उपपर्णे आहेत का, शेंग चपटी आणि कागदासारखी पातळ आहे का, एवढे पाहावे.

आणि सर्वांत महत्त्वाचे. पानांना भोके पडू लागली, हिरव्या अळ्या दिसल्या, तर फवारणीचा पंप काढू नये. त्या अळ्यांसाठीच तर हे झुडूप लावायचे! दोन-चार आठवडे धीर धरला की पाने पुन्हा फुटतात आणि अंगणात पांढरी-पिवळी फुलपाखरे उडू लागतात. घरातल्या लहान मुलांना अंडे, अळी, कोष, फुलपाखरू हे पुस्तकातले चित्र प्रत्यक्ष दाखवायला याहून सोपी शाळा नाही.

ज्यांना अंगणच नाही, त्यांनीही हिरमुसून जाण्याचे कारण नाही. सोसायटीच्या मागची उन्हातली पट्टी, शाळेच्या मैदानाची कड, देवळाची दगडी कंपाउंड भिंत, गावच्या स्मशानाचे आवार अशा कितीतरी जागा कुणाचे पाणी नसल्याने रिकाम्या पडलेल्या असतात. तिथे महिला मंडळाने किंवा शाळेतल्या मुलांनी मूठभर बिया टोकल्या, तर तिसऱ्या नवरात्रापर्यंत घटाच्या माळेची सोय गावातच होईल.

पुढच्या घटस्थापनेला बाजारात ती म्हातारी पुन्हा येईल. तिच्याकडून फुलांची जुडी घेताना घासाघीस करू नये. त्या दहा रुपयांत तिची डोंगरापर्यंतची पायपीट आहे. आणि जमल्यास तिला एवढेच विचारावे, ''मावशी, शेंगा वाळल्या की चार बिया आणाल का?'' ती नक्की आणील. माळावरच्या माणसाला बियांची किंमत ठाऊक असते.